पाठीवरचे भावंड येण्याआधी



दसरा-दिवाळी झाली की आपल्या बीड जिल्ह्यातली केज, धारूर, पाटोदा, शिरूर कासारकडची कितीतरी जोडपी कोयता घेऊन कारखान्याची वाट धरतात. मुकादमाची उचल घेतलेली असते. भांडीकुंडी ट्रॅक्टरवर चढतात आणि त्यांच्यात बसते अडीच-तीन वर्षांचे लेकरू. थोरले पोर शाळेसाठी आजीजवळ राहील, पण हे आईबरोबर फडावरच जाणार. म्हणून आज त्याच्याविषयी.

मूल जन्मते तेव्हा सुमारे तीन किलोचे असते. पाच महिन्यांत वजन दुप्पट आणि वर्षात तिप्पट होते. दोन वर्षांनंतर वाढ मंदावते, वर्षाला साधारण दोन किलो. ती डोळ्यांना दिसत नाही. "पोरगं बारीकच आहे, बापावर गेलंय," असं आपण म्हणतो अन् सोडून देतो. बापावर गेलंय की अर्धपोटी राहिलंय, ते वजनकाटा सांगतो. अंगणवाडीत दरमहा वजन करून घ्या.

फडावर आई पहाटेच तोडीला जाते. लेकराच्या हातात चहा-बटर, नाहीतर उसाचे कांडे. पोट भरल्यासारखे वाटते, पण अंगी लागत नाही. लहान पोटाला दोन वेळचे जेवण पुरत नाही. दिवसातून चार-पाच वेळा थोडे थोडे द्या. वरणात नाहीतर मटकीच्या कालवणात भाकरी कुस्करा, वर चमचाभर तेल घाला. शेंगदाण्याचा कूट आणि गूळ यांचे लाडू कोपीत करून ठेवा. अंडे मिळाले तर फारच चांगले. वाटी त्याची वेगळी असावी, म्हणजे किती खाल्ले ते कळते.

जुलाब लागले तर खाणेपिणे तोडू नका. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून पाजत राहा. लेकरू मलूल झाले, डोळे खोल गेले तर लगेच दवाखाना गाठा.

आता पाळण्याची गोष्ट. आफ्रिकेत आजच्या घाना देशात काम करणाऱ्या सिसिली विल्यम्स या डॉक्टरबाईंनी १९३५ साली मुलांच्या सुजेच्या एका आजाराला तिथल्याच बोलीतले नाव दिले, क्वाशिओरकर. त्याचा अर्थ, पाठीवरचे भावंड आले की आधीच्या लेकराला होणारा आजार. धाकट्यामुळे थोरल्याचे अंगावरचे दूध तुटते, वरचे खाणे पुरेसे नसते, अन् आईचा जीव दोघांत विभागतो. आपल्या घरांत हे काही नवे नाही. दोन बाळंतपणांत निदान तीन वर्षांचे अंतर ठेवा. तांबी, तीन महिन्यांनी घ्यायचे अंतरा इंजेक्शन, गोळ्या, निरोध ही साधने सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. आपल्याला कोणते सोसेल ते सिस्टरना विचारा. आणि भाऊ, हे बायकांचे काम म्हणून बाजूला होऊ नका. निरोध तुमच्याच हातात आहे.

निघताना लसीकरणाचे कार्ड भाकरीच्या डब्याइतके आठवणीने घ्या. जिथे टोळी उतरेल तिथल्या अंगणवाडीत लेकराचे नाव सांगा. बाई दंडाला पट्टी लावतील. सहा महिने ते पाच वर्षांच्या लेकराचा दंड साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, किंवा दोन्ही पायांवर बोटाने दाबून खड्डा राहिला, तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या. मुकादम खाडा लावील. लावू द्या.