संगणक थांबलाय कशासाठी?

नात्यातल्यांचे, शेजाऱ्यांचे, शाळेतल्या सहकाऱ्यांचे घरचे संगणक कित्येक वर्षांपासून माझ्याकडे येतात. बहुतेकांची तक्रार एकच असते, "फार स्लो झालाय, सारखा हँग होतो. नवीनच घ्यावा का?" मी शक्यतो नको म्हणतो. घरच्या कामाला, म्हणजे पत्रं, फोटो, बँक, मुलांचे प्रकल्प आणि व्हिडिओ यांना, आठ-दहा वर्षांपूर्वीचा प्रोसेसरही पुरतो. संथ संगणकात हा प्रोसेसर बहुतांश वेळ रिकामा बसून कशाची तरी वाट पाहत असतो. ती वाट कशाची, एवढं कळलं की खर्च कुठे करायचा आणि कुठे अजिबात करायचा नाही, हे उघड होतं.

१. आधी बघा, मग हात लावा.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. संगणक कुथत असेल नेमक्या तेव्हाच तो उघडायचा. सीपीयू (म्हणजे प्रोसेसर), मेमरी (म्हणजे रॅम) आणि डिस्क या तीन रकान्यांपैकी कोणता वर चढलाय ते पाहायचं. सीपीयू दहा-पंधरा टक्क्यांवर आणि डिस्क शंभरावर, हे चित्र मी सर्वांत जास्त वेळा पाहिलं आहे. मात्र मेमरीकडेही नजर हवी. रॅम भरली की विंडोज उरलेला भार डिस्कवर लिहायला लागतं. अशा वेळी डिस्क शंभर टक्के दिसते, पण मूळ दुखणं रॅमचं असतं. दोन्ही आकडे सोबत वाचल्याशिवाय कुणालाही सामान आणायला पाठवू नये.

२. जुनी फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवण्याइतका मोठा फरक दुसऱ्या कशानेच पडत नाही.

यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. लॅपटॉपमधली जुनी हार्ड डिस्क बहुधा मिनिटाला ५४०० फेऱ्या घेते, म्हणजे एका फेरीला साधारण ११ मिलिसेकंद. हवी ती माहिती वाचणाऱ्या टोकाखाली येईपर्यंत सरासरी अर्धी फेरी जाते. त्याआधी टोक धरणारा दांडा योग्य वर्तुळावर सरकावा लागतो, त्यालाही वेळ लागतो. त्यामुळे विखुरलेल्या छोट्या फाइली वाचायच्या असतील, तर अशी डिस्क सेकंदाला शंभर जागाही गाठू शकत नाही. विंडोज सुरू होताना तर अशा हजारो छोट्या तुकड्यांची मागणी होते. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क शंभर टक्के आणि वेग मात्र सेकंदाला एक-दोन एमबी, हे विचित्र वाटणारं दृश्य त्यातूनच येतं. डिस्कचा सगळा वेळ वाचण्यात नाही, जागा शोधण्यात जातो.

एसएसडीत काही फिरतच नाही. कोणतीही जागा मिलिसेकंदाच्या छोट्या अंशात हाती येते. दुकानदार 'सेकंदाला ५०० एमबी' हा आकडा दाखवून विकतात आणि तो खरा असतोही. पण घरच्या माणसाला जो फरक जाणवतो, तो या शोधाशोधीच्या वेळेचा असतो. म्हणून साधी साटा एसएसडी पुरते. त्याहून वेगवान अशा एनव्हीएमई एसएसडीची जागा जुन्या लॅपटॉपमध्ये अनेकदा नसतेच, त्यामुळे घेण्याआधी बघा. दोनशे-अडीचशे जीबीची एसएसडी नव्या लॅपटॉपच्या किमतीच्या लहानशा भागात मिळते. कळ दाबून माणूस दुसऱ्या कामाला निघून जायचा, असे संगणक या एका बदलानंतर अर्ध्या मिनिटात कामाला तयार झालेले मी पाहिलेत.

डीव्हीडी ड्राइव्ह असलेल्या लॅपटॉपमध्ये आणखी एक सोय आहे. ती ड्राइव्ह काढून तिच्या जागी कॅडी नावाची पट्टी बसते आणि जुनी हार्ड डिस्क त्या कॅडीत राहते. विंडोज एसएसडीवर, फोटो जुन्या डिस्कवर. कॅडी ९.५ आणि १२.७ मिलिमीटर अशा दोन जाडीत मिळते, म्हणून आपली ड्राइव्ह मोजूनच दुकानात जा.

एसएसडीला डीफ्रॅगची गरज नसते. तिची निगा विंडोज स्वतः राखतं. ती काठोकाठ मात्र भरू देऊ नका; दहा-पंधरा टक्के जागा मोकळी असावी.

३. डिस्कला हात लावण्याआधी तिची तब्येत पाहा आणि बॅकअप घ्या.

गेल्या महिन्यापर्यंत ठीक चालणारा संगणक एकाएकी संथ झाला, फोल्डर उघडताना अडकायला लागला किंवा आतून टकटक आवाज यायला लागला, तर ते वेगाचं प्रकरण नाही. डिस्क बहुधा मरायला टेकली आहे. खराब झालेली जागा ती पुन्हा पुन्हा वाचून पाहते आणि तोवर सगळं थांबतं. क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्राम डिस्कने स्वतःच ठेवलेल्या नोंदी दाखवतो. वाचता न येणाऱ्या जागांचे आकडे तिथे वाढताना दिसले, तर त्या संगणकावर दुसरं काही करू नका. आधी फोटो आणि कागदपत्रं बाहेर काढा.

इथे एक गैरसमज घरोघरी आहे. "महत्त्वाचं सगळं डी ड्राइव्हमध्ये टाकलंय, सेफ आहे," असं लोक निर्धास्तपणे सांगतात. बहुतेक घरांत सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन भाग असतात. फॉरमॅट मारताना फक्त सी पुसला जातो, म्हणून डी सुरक्षित वाटतो. डिस्क गेली तर दोन्ही एकदम जातात. लग्नाचे, बारशाचे फोटो अशा भरवशावर गमावलेली माणसं मला भेटलीत आणि त्यांना सांगण्यासारखं माझ्याजवळ काही नव्हतं. बॅकअप म्हणजे दुसऱ्या वस्तूवरची प्रत.

४. "फॉरमॅट मारून टाका" हा पहिला सल्ला मानू नका.

आमच्या शेजारी एक निवृत्त मुख्याध्यापक आहेत. आम्ही सगळे त्यांना सरच म्हणतो. त्यांनी गावाच्या इतिहासाची टिपणं वर्षानुवर्षं टाइप केली आहेत, तीही शिवाजी फॉन्टमध्ये. संगणक संथ झाल्यावर दुकानातल्या मुलाने त्यांना फॉरमॅट सुचवला. डी ड्राइव्हमधल्या फाइली तशाच राहतील, असंही सांगितलं. ते खरंच होतं.

"सर, फाइली राहतील, पण फॉन्ट जाईल," मी म्हटलं.

"मग काय होईल?"

मी त्यांच्याच एका पानाचा फॉन्ट बदलून दाखवला. पडद्यावर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा ढीग उमटला. सर बराच वेळ बघत राहिले.

युनिकोड रुळण्याआधी शिवाजी, किरण, कृतिदेव, श्री-लिपी यांसारख्या फॉन्टांत मराठी लिहिलं गेलं. त्या फाइलींत मराठी अक्षरं नसतातच. इंग्रजी अक्षरांचे सांकेतिक क्रमांक असतात आणि फॉन्ट त्यांना देवनागरी आकार देतो. फॉन्ट विंडोजच्या फोल्डरमध्ये, म्हणजे सी ड्राइव्हवर असतो, आणि फॉरमॅटमध्ये तोच पुसला जातो. तेव्हा नव्याने विंडोज टाकायचंच असेल, तर सी ड्राइव्हवरचं विंडोज फोल्डर, त्यातलं फॉन्ट्स फोल्डर, त्यातले जुने मराठी फॉन्ट आधी पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या. सरांच्या संगणकावर आम्ही एसएसडी बसवली आणि जुन्या डिस्कची जशीच्या तशी प्रत तिच्यावर केली. याला क्लोन करणं म्हणतात. फॉन्ट, कीबोर्ड, फाइली सगळं जागच्या जागी राहिलं. आता फुरसत मिळेल तसं एकेक प्रकरण फॉन्ट परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणतोय. जोडाक्षरं आणि रफार डोळ्यांनी तपासावे लागतात, तेव्हा काम हळूहळूच होतं. महाराष्ट्रात अशा फाइली किती कपाटांत आणि किती जुन्या संगणकांत पडून असतील, याची मला खरोखर काळजी वाटते.

५. रॅम वाढवा, पण आत बघून.

चार जीबी रॅमवर आजचा ब्राउझर आणि विंडोज दोघं सुखाने नांदत नाहीत. आठ जीबी घरच्या कामाला पुरते. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सखाली मेमरीवर गेलं की रॅमच्या किती खाचा आहेत आणि किती भरल्यात तेही दिसतं. डीडीआर३ रॅमच्या खाचेत डीडीआर४ बसत नाही. लॅपटॉपमध्ये डीडीआर३एल हा कमी व्होल्टचा प्रकारही असतो, म्हणून आतली पट्टी काढून दुकानात सोबत नेणं उत्तम. विंडोज ३२ बिटचं असेल, तर चार जीबीपुढची रॅम ते वापरूच शकत नाही, तिथे पैसे घालू नका.

६. शट डाऊन म्हणजे रीस्टार्ट नव्हे.

विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप नावाची सोय आली. ती चालू असते तेव्हा शट डाऊन केल्यावर विंडोजचा गाभा डिस्कवर जसाच्या तसा जपून ठेवला जातो आणि पुढच्या वेळी तोच परत उचलला जातो. साचलेली गुंतागुंतही त्याच्यासोबत परत येते. रोज रात्री बंद होणाऱ्या संगणकाच्या अपटाइममध्ये, म्हणजे सलग चालू असल्याच्या वेळेत, म्हणूनच कधी कधी कित्येक दिवस दिसतात. आठवड्यातून एकदा रीस्टार्ट करा.

७. वेग वाढवून देणारे प्रोग्राम काढून टाका.

रजिस्ट्री साफ करणारे, रॅम मोकळी करणारे, 'बूस्टर' म्हणवणारे प्रोग्राम स्वतःच सतत चालू राहून रॅम खातात. रजिस्ट्री क्लीनर वापरण्याला मायक्रोसॉफ्टचाही पाठिंबा नाही. दोन अँटिव्हायरस एकत्र असतील तर एक काढा. विंडोज १० आणि ११ मध्ये डिफेंडर आधीपासूनच आहे, घरासाठी तो पुरतो. टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप यादीत प्रिंटरचे मदतनीस, गाण्यांचे, बैठकांचे प्रोग्राम सुरुवातीलाच रांगेत उभे असतात. रोज लागत नसतील ते तिथेच बंद करा. ते नाहीसे होत नाहीत, गरजेला उघडता येतात.

आणि "तुमचा संगणक धोक्यात आहे, या नंबरवर फोन करा" असा इशारा आला तर फोन करू नका. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यांमध्ये फोन नंबर कधीच नसतो. घरातल्या वयस्कर माणसांना हे आजच सांगून ठेवा. पैसे गेलेच, तर लगेच १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवा.

८. उन्हाळ्यात संथ होणारा संगणक उघडून साफ करा.

आमच्या विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. आत धूळ साचलेली असेल, तर प्रोसेसर तापतो आणि स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. संगणक बंद करून, वायर काढून, ब्लोअरने धूळ उडवा. त्या वेळी पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, वाऱ्याच्या झोताने ते गरगर फिरू देऊ नका. प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट वाळून गेली असेल तर नवी लावून घ्या. लॅपटॉप गादीवर ठेवून वापरायची सवय मोडा, खालची जाळी बुजते.

९. जुना संगणक विंडोज ११ घेत नसेल, तरी तो भंगारात काढायची घाई नको.

विंडोज १० चा नेहमीचा आधार, म्हणजे सुरक्षेची नेहमीची अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, आणि इंटेलचे प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचेच चालतात. त्यामुळे व्यवस्थित चालणारी अनेक यंत्रं एकाएकी बाद ठरली. अशा घरांत मी विंडोजऐवजी लिनक्स मिंट सुचवतो. ते मोफत आहे आणि त्याची एक्सएफसीई ही आवृत्ती जुन्या संगणकावर हलकी चालते. पेन ड्राइव्हवरून सुरू करून, डिस्कवर काहीही न बदलता, आधी वापरून बघता येतं. फायरफॉक्स, लिबरऑफिस आणि इन्स्क्रिप्ट मराठी कीबोर्ड सगळं त्यात मिळतं.

त्याआधी घरच्यांना एक प्रश्न विचारायचा, "यावर नेमकं काय काय करता?" टॅलीवर हिशेब असतील किंवा प्राप्तिकराचं विवरणपत्र एक्सेलच्या तयार फाइलमधून भरलं जात असेल, तर त्यांना विंडोजवरच राहू द्या. त्या फाइलींतले मॅक्रो लिबरऑफिसमध्ये चालत नाहीत. ब्राउझर, पत्रं आणि फोटो एवढंच असेल, तर घरातल्या सगळ्यांना पेन ड्राइव्हवरून आठवडाभर मिंट वापरू द्या. प्रिंटर, वायफाय आणि मराठी टायपिंग हे तीनही या आठवड्यात तपासून घ्या आणि मगच डिस्कवर उतरवा.