दुसऱ्याच्या वतीने लिहिलेले पत्र : अमेरिकेतील यादवी युद्धानंतरच्या पत्रव्यवहारावरून एक पाठ

शाळाभेटीच्या वेळी भाषेच्या वह्या पाहताना मी पत्रलेखनाचे पान आवर्जून उघडतो. मागे एका शाळेत सहावीच्या एकतीस मुलांनी मामांस लिहिलेली पत्रे पाहिली. एकतीसही मामा सुखरूप होते, एकतीसही भाच्यांचा अभ्यास उत्तम चालला होता आणि सर्वांनी ‘पत्रास कारण की’ हे शब्द एकाच जागी लिहिले होते. हस्ताक्षर स्वच्छ, मायना बिनचूक. परंतु एकाही पत्रावरून लिहिणाऱ्याचे गाव कोणते, त्याच्या घरी कोण आजारी आहे, यंदा पाऊस झाला किंवा नाही, यातील काहीच कळत नव्हते. पत्र लिहिले गेले होते, पण कोणी कोणास काही कळविले नव्हते. गुरुजींचा दोष मी काढीत नाही. मीही वर्गावर असताना असेच शिकविले आहे.

पत्र म्हणजे नेमके काय काम आहे, हे ज्या काळी अगदी उघडे झाले होते, अशा एका प्रसंगाचा अभ्यास शिक्षकबंधुभगिनींपुढे ठेवावा या हेतूने हा लेख लिहीत आहे. प्रसंग आपल्या देशातील नाही. तथापि तो अगदीच परका आहे असेही नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ ज्यांस अर्पण केला, ते लोक म्हणजे निग्रो गुलामांच्या मुक्ततेसाठी झटलेले अमेरिकेतील सज्जन होत. त्या मुक्ततेशी जडलेले युद्ध ते हेच. उत्तरेकडील व दक्षिणेकडील संस्थानांमध्ये एप्रिल १८६१ मध्ये ते पेटले आणि ९ एप्रिल १८६५ रोजी दक्षिणेचा सेनापती ली हा ग्रँटला शरण गेल्यावर त्याचा शेवट सुरू झाला. पाचच दिवसांनी अध्यक्ष लिंकन यांच्यावर गोळी झाडली गेली. दोन्ही बाजूंची मिळून सव्वासहा लाखांच्या आसपास माणसे मेली असे पूर्वीपासून मानीत. अलीकडील एका गणनेप्रमाणे हा आकडा साडेसात लाखांपर्यंत जातो.

तोफा थांबल्या, परंतु घरच्यांचे वाट पाहणे थांबले नाही. युद्ध संपले तेव्हा उत्तरेच्या सैन्यात सुमारे दहा लाख माणसे होती. त्यांपैकी आठ लाखांना नोव्हेंबर १८६५ च्या मध्यापर्यंत घरी सोडण्यात आले. म्हणजे कोणी मे महिन्यात परतला, कोणी दिवाळीच्या सुमारास, आणि कोणी परतलाच नाही. मृत्यूची बातमी घरी कळविण्याची सरकारी व्यवस्था जवळजवळ नव्हतीच. शेजारच्या सैनिकाने, पलटणीच्या धर्मोपदेशकाने अथवा रुग्णालयातील परिचारिकेने पत्र लिहिले तर घरी कळे, नाही तर नाही. अर्ध्या औंसाच्या पत्राला तीन सेंट हशील पडे. सैनिकाजवळ तिकीट नसल्यास त्यास तसेच पत्र टाकण्याची सवलत होती आणि हशील घरच्यांकडून वसूल होई, ज्यास आपल्याकडे ‘नॉटपेड’ पत्र म्हणत. दक्षिणेत तर कागदाचा इतका दुष्काळ झाला होता की भिंतीला चिकटवावयाच्या कागदाची पाकिटे करीत.

आता एक पत्र पाहू. तारीख २१ जानेवारी १८६६. स्थळ वॉशिंग्टन शहरातील लष्करी रुग्णालय. लिहविणारा फ्रेंच-कॅनेडियन वंशाचा एक सैनिक; त्यास स्वतःस लिहिता येत नव्हते. घरी पत्नी व सहा मुले. पत्राचा आशय असा : बरेच दिवस लिहिले नाही याची माफी असावी, प्रकृती बरी नव्हती, दुखणे फुफ्फुसाचे आहे, आता पुष्कळ बरे वाटते. नोकरीतून मोकळीक मिळाली आहे, पण घरी येण्याइतकी शक्ती अजून नाही. पत्र पोचताच उत्तर पाठव, तुम्ही सर्व कसे आहात ते लिही, आईचे कसे आहे ते कळव. हे पत्र माझ्याजवळ बसलेल्या एका मित्राकडून लिहवीत आहे. आणि खाली, सहीनंतर, त्या मित्राचे नाव : वॉल्ट व्हिटमन.

व्हिटमन हा त्या देशाच्या थोर कवींत गणला जातो. ऐन तारुण्यात तो लाँग आयलंडवरील खेड्यांतून शाळामास्तरही होता. युद्धाच्या काळात व नंतरही तो वॉशिंग्टनच्या रुग्णालयांतून फिरे, जखमी व आजारी सैनिकांच्या उशाशी बसे आणि त्यांची पत्रे लिहून देई. त्यांपैकी फारच थोडी आज उरली आहेत. वरील पत्र २०१६ मध्ये राष्ट्रीय दफ्तरखान्यातील एका जुन्या पेन्शनच्या कागदपत्रांत सापडले. तो सैनिक डिसेंबर १८६६ मध्ये क्षयाने वारला; त्याच्या विधवेच्या पेन्शनच्या कागदांत हे पत्र राहून गेले होते.

या पत्रात काय नाही, तिकडे लक्ष द्यावे. लिहिणारा एवढा मोठा कवी, पण पत्रात कवित्व नाही. देशभक्तीचे वाक्य नाही, धीर देणारे सुभाषित नाही. दुखणे कोणते, नोकरी सुटली की नाही, घरी का येत नाही, आणि आई कशी आहे, एवढेच. लेखणी व्हिटमनची असली तरी बोलणारा तो सैनिकच राहिला. आपल्या जुन्या दस्तऐवजांत लिहिणाऱ्याचे नाव ‘बिकलम’ असे लिहून वेगळे देत आणि स्वतः लिहिले असल्यास ‘दस्तुरखुद्द’ म्हणत. व्हिटमनची ती शेवटची ओळ म्हणजे ‘बिकलम’च होय. पत्र कोणाचे व अक्षर कोणाचे हा भेद त्याने लपविला नाही.

हे वाचले तेव्हा मला माझ्या पहिल्या नेमणुकीचे गाव आठवले. सातारा जिल्ह्याच्या डोंगराकडील ते गाव. घरटी एक माणूस सैन्यात. शेजारच्या एका बाईंचा मुलगा सीमेवर होता आणि त्याला पत्र लिहून देण्याचे काम माझ्याकडे असे. त्या ओट्यावर बसून सांगत आणि मी लिही. त्या सांगत ते मला विस्कळीत वाटे : म्हैस आटली, कौले उडाली, थोरल्या जावेने बोलणे टाकले. मी ते नीट लावून घेई, काही गाळी, वर एखादे छानसे वाक्य घाली. वाचून दाखविले की त्या म्हणत, “लई ग्वाड लिवलंय गुरुजी.” एका पत्रात त्यांनी सांगितले होते की उजव्या डोळ्याने दिव्याभोवती कडे दिसते आणि कपाळ ठणकते. मुलाला तिकडे काळजी नको, असा विचार करून मी ते गाळले आणि ‘प्रकृती ठीक आहे’ असे लिहिले. पाच महिन्यांनी मुलगा रजेवर आला, तेव्हा दारात उभा असलेला मुलगा त्यांनी आवाजावरून ओळखला. काचबिंदू होता. डॉक्टर म्हणाले, आधी आणावयास हवे होते. मुलगा मला रागावून काही बोलला नाही. एवढेच म्हणाला, “गुरुजी, पत्र तुमचं होतं. आईचं नव्हतं.” त्यानंतर मी कोणाचेही पत्र लिहिताना एक शब्द स्वतःच्या मनाने गाळलेला नाही.

अमेरिकेतील आणखी एका शिक्षिकेचे काम येथे सांगणे अगत्याचे आहे. क्लारा बार्टन यांचे नाव अमेरिकेतील रेडक्रॉसच्या संस्थापक म्हणून आपणांस ठाऊक असेल. त्यांचा पहिला पेशा मात्र शिक्षकाचा. १८५२ साली न्यू जर्सीतील बॉर्डनटाउन येथे त्यांनी विनामूल्य शाळा सुरू केली. ती नावारूपास आल्यावर मुख्याध्यापकाच्या जागी अधिक पगारावर पुरुषाची नेमणूक झाली, तेव्हा त्या शाळा सोडून गेल्या. (हा भाग भगिनीशिक्षकांनी टिप्पणीवाचून समजून घ्यावा.) युद्धात त्यांनी रणभूमीवर जखमींची शुश्रूषा केली. १८६५ च्या वसंतात लिंकन यांच्या संमतीने त्यांनी बेपत्ता सैनिकांच्या आप्तांशी पत्रव्यवहार करण्यासाठी वॉशिंग्टनमध्ये एक कचेरी उघडली. आया, बायका, बहिणी तेथे लिहीत : आमचा अमुक, अमुक पलटणीचा, अमुक लढाईनंतर कळला नाही. बार्टन बाई या नावांच्या याद्या छापवीत व त्या पोस्ट कचेऱ्यांतून व वर्तमानपत्रांतून प्रसिद्ध करवीत, म्हणजे घरी परतलेल्या एखाद्या सैनिकास आपल्या सोबत्याचे नाव दिसे आणि तो लिहून कळवी. सुमारे चार वर्षांत त्यांच्याकडे ६३,००० हून अधिक पत्रे आली, ४१,००० हून अधिक उत्तरे गेली आणि सुमारे २२,००० बेपत्ता माणसांचे काय झाले ते कळले. १८६५ च्या उन्हाळ्यात जॉर्जियातील अँडरसनव्हिल येथील कैद्यांच्या तळावर जाऊन जवळजवळ १३,००० थडग्यांवर नावे लावण्याच्या कामातही त्या होत्या. तेथील मृतांची यादी एका तरुण कैद्याने गुप्तपणे उतरवून ठेवली होती, म्हणूनच ते काम शक्य झाले.

या पत्रव्यवहारात एक चमत्कारिक पत्र आहे. यादीत आपले नाव पाहून एक जिवंत माणूस रागावला. माझे नाव देशभर का झळकविले, असा जाब त्याने विचारला. बार्टन बाईंनी उत्तर दिले ते प्रत्येक मुख्याध्यापकाने वाचावे असे आहे. त्यांनी लिहिले की, तुझ्या घरच्यांनी तुझी जितकी काळजी केली तितकी तू त्यांची केली नाहीस हे त्यांचे दुर्दैव; तुझी आई वाट पाहत मेली, आणि तिच्या शेवटच्या इच्छेप्रमाणे तुझ्या बहिणीने हा शोध चालविला, त्याची तुला लाज वाटते. सगळी पत्रे आनंदाची नसतात आणि सगळी हरवलेली माणसे सापडू इच्छीत नाहीत, हेही मुलांना यथावकाश कळावयास हरकत नाही.

आता ज्यांच्या मुक्ततेशी हे युद्ध जडले होते त्यांच्याकडे वळू. उत्तरेच्या सैन्यात सुमारे १,७९,००० कृष्णवर्णी सैनिक होते. त्यांतील बहुसंख्य कालपर्यंतचे गुलाम. दक्षिणेत गुलामास वाचावयास शिकविणे अनेक संस्थानांत कायद्याने गुन्हा होता. १८७० च्या शिरगणतीतही कृष्णवर्णीयांत दर शंभरी सुमारे ऐंशी माणसे निरक्षर निघाली. अशांच्या घरचा पत्रव्यवहार कसा चालला असेल याची कल्पना करावी. युद्ध संपताच पुष्कळ पलटणी टेक्सासला मेक्सिकोच्या सरहद्दीवर पाठविण्यात आल्या. गोरे स्वयंसेवक घरी चालले होते. हे मात्र शेकडो कोस दूर, आणि पगार तुंबलेला. ३ मार्च १८६५ च्या ठरावाने सैनिकांच्या बायकामुलांस स्वातंत्र्य मिळाले होते. पण केंटकीसारख्या संस्थानात गुलामगिरी त्या वर्षाच्या डिसेंबरपर्यंत कायदेशीरच होती आणि धनी ठराव मानीत नसत. घरून पत्रे येत की खावयास नाही, राहावयास जागा नाही, पैसे पाठवा. नॉर्थ कॅरोलिनातील रोआनोक बेटावर राहणाऱ्या कुटुंबांचा शिधा तोडला जात आहे असे कळल्यावर व्हर्जिनियातील छावणीतून त्यांच्या पुरुषांनी मुक्त झालेल्या लोकांसाठी नेमलेल्या सरकारी खात्याच्या प्रमुखास एकत्र तक्रारअर्ज लिहिला. घरचे पत्र आणि सरकारास अर्ज या दोन गोष्टी त्यांच्यासाठी वेगळ्या राहिल्या नाहीत.

यातली पुष्कळ पत्रे शिक्षिकांनी, धर्मोपदेशकांनी अथवा थोडे शिकलेल्या सोबत्याने लिहिली. पुष्कळांनी पलटणीतच अक्षरे गिरविली. ६२ व्या कृष्णवर्णी पलटणीत १८६४ साली हुकूम निघाला की, ज्यांना वाचता येते त्यांनी इतरांस शिकवावे. आणि जो नाईक किंवा हवालदार १ जानेवारी १८६५ पर्यंत वाचावयास शिकणार नाही, त्याची फीत काढली जाईल. (हा उपाय मी कोणास सुचवीत नाही.) याच व ६५ व्या पलटणीतील सैनिकांनी आपल्या पगारातून काही हजार डॉलर जमवून मिझूरीतील जेफरसन सिटी येथे १८६६ साली शाळा काढली. तेच आजचे लिंकन विद्यापीठ.

त्यांच्या पत्रांतील शब्द बोलण्याप्रमाणे लिहिलेले, विरामचिन्हे नाहीत, र्‍हस्वदीर्घ नाही. मेरिलंड विद्यापीठाने १९७६ पासून चालविलेल्या संशोधनात ती तशीच छापली आहेत, एक अक्षर न सुधारता. गुलामांच्या विवाहास कायद्याची मान्यता नव्हती, दाखला नव्हता. त्यामुळे पेन्शन मागणाऱ्या विधवेस आपण अमक्याची पत्नी होतो हे सिद्ध करणे कठीण जाई. अशा वेळी नवऱ्याचे जुने पत्र पुरावा म्हणून कचेरीत दाखल होई. लाल शाईने पाहिले तर त्यास शून्य गुण पडले असते.

वर्गात हे कसे घ्यावे? युद्धाची हकीकत थोडक्यात सांगून रुग्णालयातील पत्राचा आशय मुलांना ऐकवावा आणि विचारावे की, या माणसाविषयी तुम्हांस काय काय कळले. ते फळ्यावर लिहावे. मग दोघादोघांच्या जोड्या कराव्यात. एकाने सांगावे, दुसऱ्याने लिहावे, वाचून दाखवावे. सांगणाऱ्याने ‘मी असे म्हणालो नाही’ म्हटले तर दुरुस्त करावे, आणि शेवटी लिहिणाऱ्याने ‘बिकलम’ म्हणून आपले नाव घालावे. हा खेळ मुलांस आवडतो. दोन शाळांत मी स्वतः करून पाहिला आहे. एकीत एका मुलीने तक्रार केली की, “मी आजी पडली म्हणाले, हिने आजी बरी आहे लिहिलं.” बार्टन बाईंच्या याद्यांवरून दुसरा पाठ होतो : जत्रेत हरवलेल्या धाकट्या भावाविषयी पोलीस पाटलास लिहावयाचे असल्यास काय काय लिहाल? पहिल्या खेपेस बहुतेक मुले ‘तो फार गुणी आहे’ असे लिहितात आणि सदऱ्याचा रंग लिहीत नाहीत. शुद्धलेखन दुसऱ्या हातास पाहावे. पहिल्याच वाचनास लाल शाई उचलू नये.

आज घरोघरी फोन आहे, तेव्हा हे कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु वृद्धांच्या पेन्शनचे, रेशनचे, पीकविम्याचे अर्ज आजही आपल्याच शाळेच्या ओट्यावर भरले जातात, आणि ‘काय झाले’ या रकान्यात आपण काय लिहितो त्यावर त्यांचे काम होते वा अडते.

पोस्टकार्डे अद्याप मिळतात. सत्राच्या शेवटी प्रत्येक मुलाने घरातील ज्येष्ठ माणसाच्या सांगण्यावरून एक खरे कार्ड लिहून खऱ्या पत्त्यावर टाकावे. उत्तरे शाळेच्या पत्त्यावर आल्यास ती फलकावर लावण्यापूर्वी ज्याची त्यास घरी नेऊ द्यावीत.