मेसच्या रांगेतली स्पॅनिश

स्पॅनिश ही सुमारे २० देशांची राजभाषा आणि संयुक्त राष्ट्रसंघाच्या सहा अधिकृत भाषांपैकी एक आहे. पण दिल्लीत राहणाऱ्या कॅडेटला तिचा काय उपयोग, असा प्रश्न पालक नेहमी विचारतात. त्याचे उत्तर आपल्या सैन्याकडेच आहे. १९८९ ते १९९२ या काळात मध्य अमेरिकेतील संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेत भारतीय लष्करी निरीक्षक होते. लेबनॉनमध्ये आपल्या बटालियनने स्पॅनिश सैनिकांबरोबर एकाच विभागात काम केले आहे. हवाई दलाने २०२१ मध्ये ५६ सी-२९५ विमानांचा करार केला. त्यातले पहिले विमान २०२३ मध्ये स्पेनमधील सेव्हिल येथे ताब्यात मिळाले. संरक्षण मंत्रालयाची परदेशी भाषांची शाळा १९४८ पासून दिल्लीत आहे आणि तिथे स्पॅनिशही शिकवतात. मोहिमेवर प्रत्येक चौकीवर दुभाषा हजर असेलच असे नाही. अशा वेळी चार वाक्ये आपल्यालाच यावी लागतात.

मग शिकायचे कसे? आपण महाराष्ट्रातून आलेली मुले इथली हिंदी पुस्तकातून शिकलो नाही. मेसच्या रांगेत, मैदानावर आणि बॅरेकमध्ये ऐकून, बोलून शिकलो. तीच पद्धत स्पॅनिशला लावायची. आठवड्याच्या दोन तासिकांत नियम कळतो, पण जिभेला वळण दिवसभर बोलूनच लागते.

पहाटे पीटीला मनात मोजा: उनो, दोस, त्रेस, क्वात्रो. 'सावधान'ला स्पॅनिश सैन्यात 'फिर्मेस' म्हणतात. मेसमध्ये बडीला म्हणा, 'पासामे एल पान, पोर फावोर', म्हणजे 'कृपया पाव दे'. आपला 'पाव' पोर्तुगीजांकडून आला आणि स्पॅनिश 'पान' त्याचाच भाऊ, म्हणून हा शब्द विसरणार नाही. रात्री हजेरीनंतर एकमेकांना सांगा, 'सिन नोवेदाद'. शब्दशः अर्थ 'नवीन काही नाही'. सैनिक तो 'सर्व ठीक' अशा अर्थी वापरतात. झोपण्यापूर्वी डायरीत फक्त तीन वाक्ये लिहा.

मराठी येणाऱ्याला काही गोष्टी आयत्याच मिळतात. स्पॅनिशमधले त आणि द आपल्यासारखेच दातांना जीभ लावून म्हणतात. मित्राला 'तू' म्हणतात, तेही अगदी आपल्याच उच्चाराने. सरांना मात्र 'उस्तेद'. 'मे गुस्ता एल मांगो' म्हणजे 'मला आंबा आवडतो' आणि 'मे गुस्तान लोस मांगोस' म्हणजे 'मला आंबे आवडतात'. क्रियापद आंब्याप्रमाणे बदलते, माझ्याप्रमाणे नाही. इंग्रजीतून शिकणारा इथे अडखळतो. आपण मराठीतून विचार केला की वाक्य सरळ बसते.

अडचणीही आहेत. आपल्या एका 'आहे'साठी तिथे दोन क्रियापदे आहेत. 'सोय कादेते' म्हणजे मी कॅडेट आहे. ही माझी ओळख. 'एस्तोय कान्सादो' म्हणजे मी दमलो आहे. ही आत्ताची अवस्था. रोज दोन्हींचे एकेक वाक्य बोलले की फरक अंगवळणी पडतो.

सर्वात मोठा शत्रू म्हणजे हसे होण्याची भीती. त्यावर उपाय एकच: एक जोडीदार ठरवा आणि रोज दहा मिनिटे फक्त स्पॅनिश बोला. शब्द अडला तर खूण करा, पण हिंदी-इंग्रजीत शिरू नका. सुट्टीत घरी गेल्यावर सराव तुटतो; तेव्हा आई-बाबांना रोज पाच शब्द शिकवा. दुसऱ्याला शिकवलेला शब्द आपल्याला पक्का होतो. बाहेर जायची परवानगी मिळाली तर कॅनॉट प्लेसजवळ हनुमान रोडवरच्या इन्स्टिट्यूटो सर्व्हान्तेसचे ग्रंथालय जरूर पाहा.

ड्रिल एका दिवसात येत नाही, रोजच्या फॉल-इनने येते. भाषेचेही तसेच आहे. उद्याच्या नाश्त्यापासून सुरुवात करा: बुएनोस दियास!