अनुस्वार गिळणारी चमकी

काल रात्री तुझा बारशाचा व्हिडिओ बघितला गं. बाळाची जांभई बरोबर टिपलीयस, पाळण्याच्या दोरीवरनं कॅमेरा खाली आणलायस तेही झकास. पण नाव आलं आणि मी मोबाइल नाकाजवळ नेला. सोनेरी चमकी, तिच्यात फुलं, वर पांढरी कड. नाव कुठाय?

रागावू नकोस. माझं पहिलं लग्न आठवतंय ना? म्हणजे मी एडिट केलेलं. 'शुभमंगल'वर अशीच चमकी चढवली होती मी. तिच्या ठिपक्यांत अनुस्वाराचा ठिपका बुडाला आणि हॉलमधल्या मोठ्या पडद्यावर सगळ्या पाहुण्यांपुढं 'शुभमगल' झळकलं. नवऱ्यामुलाच्या आज्जांनी मोठ्यानं विचारलं, "ही मगल कोण म्हणायची?" तेव्हापासनं टायटल बसवलं की आधी टिंबं मोजते मी.

आपल्या अक्षराचा जीव बारीकसारीक गोष्टींत असतो. टिंब, रफार, उकार, वेलांटी. अक्षरात भरलेला पोत, म्हणजे टेक्स्चर, गडबडीचा निघाला की पहिल्यांदा हीच मरतात. म्हणून आधी जाड अक्षर घे. मुंबईच्या 'एक टाइप'वाल्यांचे बलू आणि मोदक हे दोन फॉन्ट फुकट मिळतात. मोदक तर एवढा गुबगुबीत आहे की कुठलाही पोत त्याच्या पोटात मावतो. फक्त लांब नावाला तो वापरू नकोस, अक्षरांतल्या फटी बुजतात. आणि प्रीमियरमध्ये मराठी टाइप करताना वेलांटी भलतीकडं उडत असेल, तर ग्राफिक्सच्या सेटिंगमधलं टेक्स्ट इंजिन दक्षिण आशियाई लिपीवर कर. ते न करता पोत चढवणं म्हणजे उसवलेल्या ब्लाउजला जर लावणं.

आता तुझी खरी चूक सांगते. नावाच्या शिरोरेषेवर मध्येमध्ये सांधे दिसतात ना, फरशीसारखे? तू पोत प्रत्येक अक्षराला वेगळा दिलायस. इंग्रजी अक्षरं सुटी उभी असतात, त्यांना ते चालतं. आपलं अख्खं नाव एका रेषेला लोंबतं. रेषा तुटली की नाव तुटलं. दाविंची रिझॉल्व्हच्या टेक्स्ट प्लसमध्ये शेडिंगमध्ये जा, रंगाच्या जागी इमेज निवड, आणि मॅपिंग लेव्हल अक्षरावरनं काढून शब्दावर नाहीतर पूर्ण मजकुरावर ठेव. लाकडाचा पोत दिलास तर शिरोरेषा सलग फळीसारखी दिसेल. तिथंच मॅपिंगचा कोन आणि आकारही आहे, त्यांच्याशी खेळ जरा.

प्रीमियरच्या जुन्या टायटलरमध्ये टेक्स्चरची वेगळी सोय होती. वस्तू फिरवली की पोतही फिरवायचा का, उलटवली की उलटवायचा का, याच्या खुणा असायच्या. ती सोय गेली. आता पोताची क्लिप खाली, अक्षरं वरच्या ट्रॅकवर, खालच्या क्लिपला ट्रॅक मॅट की लाव आणि मॅट म्हणून वरचा ट्रॅक दाखव. यात एक गंमत आहे. नुसती अक्षरं सरकवलीस तर पोत जागच्या जागी राहतो, खिडकीतनं मागचं दिसावं तसा. पाण्याच्या पोताला ते शोभतं. चामड्याच्या किंवा दगडाच्या पोताला नाही, कारण दगडाचं अक्षर सरकताना दगड मागं कसा राहील? तिथं दोन्ही एकत्र नेस्ट करूनच हलव.

फोनवरच काम करायचं असेल तर काळ्यावर पांढरी अक्षरं कर आणि पोतावर मल्टिप्लाय लाव. पांढऱ्या जागी पोत, बाकी काळं. बस.

पण तू पोत आणतेस कुठनं? नेटवरनं. तीच चमकी निपाणीतही आणि चिक्कोडीतही. आपल्या अवतीभवती किती पडलंय गं! निपाणीकडं तंबाखूची वाळलेली पानं, इचलकरंजीच्या मागावरचं कोरं कापड, भेगाळलेली काळी माती, कोल्हापुरी चपलेचा तळवा. त्या चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात महाराष्ट्राच्या चार जिल्ह्यांबरोबर आपला बेळगाव जिल्हाही आहे. चर्मकाराच्या व्हिडिओला चपलेच्याच चामड्याची अक्षरं देऊन बघ.

फोटो भर दुपारी काढू नकोस, पोत सपाट येतो. सकाळी उन्हं तिरकी असताना काढ, म्हणजे प्रत्येक कणाला सावली पडते. आणि ऊन डावीकडनं असेल तर टायटलची सावली उजवीकडंच पडू दे. एवढं चुकलं तरी बघणाऱ्याला काहीतरी खटकतं, काय ते सांगता येत नाही. फोटो टायमलाइनपेक्षा, म्हणजे १९२० बाय १०८०पेक्षा, मोठा हवा. छोटा ताणलास की धुरकट होतो, फरशीसारखा जोडलास की सांधे दिसतात.

आपल्या सदलग्यात आणखी एक भानगड, नाव कन्नडमध्येही लागतं. कन्नड अक्षरं गोल, आतल्या फटी लहान. मराठीला शोभलेला आडव्या रेघांचा पोत तिथं गिचमिड करतो. म्हणून दोन्हींना मातीसारखा किंवा वाळूसारखा बारीक कणांचा पोत बरा. खूप बारीकही नको, व्हॉट्सॲपवर गेला की त्याचं पिठलं होतं.

पोताचा जोर अर्ध्यावर ठेव, खाली एक साधा रंग असू दे, बाहेरनं गडद पातळ कड. मग फोन हातभर लांब धरून वाच. पोताशिवायही भागतं गं. कमल शेडग्यांनी मराठी नाटकांची नावं हातानं रेखाटली, पेपरातल्या जाहिरातींत बहुतेक नुसत्या काळ्या शाईनं. नाटक कसलं आहे ते अक्षराच्या वळणातनंच कळायचं. २०२० साली ते गेले. चमकीला हात घालावासा वाटला की मला त्यांची आठवण होते, आणि निम्म्या वेळा मी पोत काढूनच टाकते.

बारशाचं टायटल बदलायला अजून वेळ आहे. उद्या सकाळी फोन चार्ज करून ये, दूधगंगेकडं जाऊन ओल्या वाळूचे फोटो काढू. येताना आईच्या ट्रंकेतली जुनी इरकल आण, तिच्या लाल-पांढऱ्या पदराचा पोत बाळाच्या नावाला बघूया. आईला आत्ताच सांगू नकोस, नाहीतर ती साडी इस्त्री करून ठेवील आणि सुरकुत्या जातील.