पाठ : आरोग्य मागितले, ते मिळाले नाही
वाचन : २ करिंथ १२:७-१०

आज आम्ही नबील कुरेशी ह्यांचे स्मरण करितो. त्यांचा जन्म १९८३ साली अमेरिकेत, पाकिस्तानातून गेलेल्या अहमदिया घराण्यात झाला. एका मित्राशी अनेक वर्षे वादविवाद केल्यावर २००५ साली ते ख्रिस्ताकडे आले. त्यामुळे आईबापांच्या अंतःकरणास झालेली जखम त्यांनी आपल्या पुस्तकात लपविली नाही. हे दुःख तुम्हांपैकी पुष्कळांस ठाऊक आहे.

ते वैद्यकी शिकलेले होते. २०१६ च्या ऑगस्टात त्यांच्या जठराचा कर्करोग शेवटच्या पायरीस पोहोचल्याचे कळले. त्यांनी औषधोपचार घेतले आणि आरोग्यासाठी प्रार्थनाही केली. दूरदूरच्या लोकांनीही केली. तरी १६ सप्टेंबर २०१७ रोजी, वयाच्या ३४व्या वर्षी, पत्नी व लहान कन्या मागे ठेवून ते प्रभूमध्ये निजले.

तर त्यांचा विश्वास उणा पडला काय? असे बोल आजाऱ्याच्या खाटेजवळ कोणी काढू नयेत. पौलाने तीनदा मागितले; काटा राहिला, पण कृपा पुरली. औषध घेणे हा अविश्वास नव्हे, आणि मरण येणे ही प्रार्थनेची हार नव्हे.

मंडळीस प्रश्न : ह्या आठवड्यात आपण कोणत्या रोग्याजवळ जाऊन बसणार?