संगणकाची स्मृतिपट्टी निवडताना

शाळा, ग्रामपंचायती व सरकारी कचेऱ्या यांतील जुने संगणक मंद चालू लागले की स्मृती, म्हणजेच रॅम, वाढविणे हा कमी खर्चाचा उपाय ठरतो. परंतु आणलेली पट्टी बसत नाही, अथवा बसूनही संगणक सुरू होत नाही, असे पुष्कळदा घडते आणि सार्वजनिक निधी वाया जातो. म्हणून पट्टीचा वेग व किंमत पाहण्यापूर्वी मदरबोर्डास कोणती पट्टी चालते, हे निश्चित करणे अगत्याचे होय.

पिढी व विद्युत्‌दाब

एका पिढीची पट्टी दुसरीच्या जागी चालत नाही. डीडीआर३ पट्टीस १.५ व्होल्ट, डीडीआर४ पट्टीस १.२ व्होल्ट, तर डीडीआर५ पट्टीस १.१ व्होल्ट दाब लागतो. प्रत्येकीची खाच निराळ्या जागी असते. त्यामुळे पट्टी सहज बसत नसल्यास जोर लावू नये. डीडीआर३एल ही १.३५ व्होल्टची पट्टी सामान्यतः १.५ व्होल्टवरही चालते. परंतु केवळ डीडीआर३एलसाठी असलेल्या बोर्डावर साधी डीडीआर३ लावू नये. सर्व्हरमधून काढलेल्या ‘रजिस्टर्ड’ पट्ट्या स्वस्त मिळतात, पण साध्या संगणकात त्या निरुपयोगी असतात.

काही बोर्ड चोखंदळ का असतात?

पट्टीवरील एका लहान चिपमध्ये तिची क्षमता व वेग यांची नोंद असते. संगणक सुरू होताच बायॉस ती वाचून बोर्डाची जुळणी करतो. डीडीआर४-३२०० पट्टीत प्रत्येक माहितीवाहिनीवरून सेकंदास ३२० कोटी वेळा देवाणघेवाण होते. इतक्या वेगात अल्प फरकही बाधतो. दोनाऐवजी चार पट्ट्या लावल्यास भार वाढतो व वेग कमी ठेवावा लागतो. वेष्टनावरील मोठा वेग अनेकदा ‘एक्सएमपी’ या वाढीव जुळणीचा असतो. तो प्रत्येक बोर्डावर मिळेलच असे नाही.

खरेदीपूर्वी

१. बोर्डावर छापलेला नमुना क्रमांक टिपून घ्यावा. ‘सीपीयू-झेड’ या प्रणालीतही तो दिसतो.
२. निर्मात्याने प्रसिद्ध केलेल्या चाचणी केलेल्या पट्ट्यांच्या यादीत पट्टीचा पूर्ण क्रमांक पाहावा. यादीबाहेरची पट्टी चालू शकते, पण तशी हमी नसते.
३. प्रत्येक स्लॉटची व एकूण स्मृतीची मर्यादा तपासावी.
४. दोन पट्ट्या हव्या असल्यास एकाच वेष्टनातील जोडी घ्यावी.
५. सामान्य वापराची ३२ बिट विंडोज प्रणाली ४ जीबीहून अधिक स्मृती वापरू शकत नाही, हे ध्यानात ठेवावे.
६. न चालल्यास पट्टी बदलून देण्याची अट विक्रेत्याकडून लेखी घ्यावी.

बसविल्यानंतर

वीजजोडणी काढून, संगणकाच्या धातूच्या सांगाड्यास हात लावून मगच पट्टी बसवावी. डीडीआर५ संगणकाचा पडदा प्रथम काही मिनिटे काळा राहू शकतो. तेवढ्यावरून पट्टी सदोष ठरवू नये. शेवटी ‘मेमटेस्ट८६+’ची चाचणी रात्रभर चालवावी. तीत एकही चूक आढळल्यास मुदतीतच पट्टी परत करावी. कारण सदोष स्मृतीने बिघडलेले दप्तर पुन्हा उभे करणे पट्टीच्या किमतीहून कितीतरी महाग पडते.