मोटारगाडीची नियतकालिक निगा

शिलाईयंत्रास तेल कमी पडले की ते जड चालू लागते. सायकलची साखळी कोरडी पडली की ती करकरते. अशा साध्या यंत्रांची तक्रार तत्काळ ऐकू येते. मोटारगाडीचे तसे नाही. तिच्या अंतर्भागातील झीज बंद आवरणाआड चालू असते आणि तिचा आवाज कानी येईपर्यंत बहुधा मोठी हानी होऊन गेलेली असते. म्हणूनच मोटारीची निगा तक्रारीची वाट पाहून नव्हे, तर ठरावीक मुदतीने घ्यावी लागते. ही मुदत कोणती, आणि ती तशी का, याचा विचार या पाठात केला आहे.

भारतात डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० ही गाडी विक्रीस आली. तिचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. परंतु मागील बाजूस वर उघडणारे दार असलेली अशी लहान गाडी, म्हणजेच हॅचबॅक, तोपर्यंत असंख्य कुटुंबांच्या नित्य व्यवहाराचा भाग झाली होती. पेट्रोलवर चालणाऱ्या अशा गाडीचेच उदाहरण पुढे घेतले आहे.

दहा हजार किलोमीटरांचा हिशेब

ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीस एक किलोमीटर कापण्यास एक मिनिट लागते. तेवढ्या वेळात इंजिनाचा मुख्य दांडा २,४०० फेरे घेतो असे धरल्यास, १०,००० किलोमीटरांत त्याचे २ कोटी ४० लाख फेरे होतात. प्रत्येक फेऱ्यात दट्ट्या एकदा वर आणि एकदा खाली सरकतो. इतक्या हालचालींत धातूवर धातू घासला जाऊ नये, म्हणून त्यांच्यामध्ये तेलाचा अत्यंत पातळ थर राखलेला असतो. हे तेल घर्षण कमी करते, उष्णता वाहून नेते, काजळी व धातूचे कण आपल्यात सामावून घेते आणि गंजापासून संरक्षण देते. परंतु उष्णतेने त्याचे हळूहळू ऑक्सिडीकरण होते, त्यात मिसळलेली संरक्षक द्रव्ये खर्ची पडतात आणि मळ साचत जातो. अशा तेलात वरून नवे तेल ओतल्याने त्याची पातळी वाढते. मळ मात्र आतच राहतो. यास्तव जुने तेल काढून टाकून, ऑइल फिल्टरसह, ते बदलणे आवश्यक असते.

हवेचा हिशेबही असाच उद्बोधक आहे. एक लिटर पेट्रोल जळण्यास सुमारे ९,००० लिटर हवा लागते. गाडी लिटरमागे २० किलोमीटर जात असेल, तर १०,००० किलोमीटरांस ५०० लिटर पेट्रोल, म्हणजेच सुमारे ४५ लाख लिटर हवा लागेल. ही सर्व हवा एका लहानशा एअर फिल्टरमधून गाळली जाते. राजस्थानातील धुळीच्या रस्त्यांवर तो लवकर तुंबतो, हे उघड आहे.

अंतर आणि काळ

येथे एक शंका उद्भवते. जी गाडी फारशी चालतच नाही, तिला निगेची गरजही कमीच नसावी काय? वस्तुस्थिती वेगळी आहे. एक लिटर पेट्रोल जळले असता जवळजवळ एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने निर्माण होते. त्यातील बहुतेक वाफ धुराबरोबर बाहेर पडते, पण थोडी दट्ट्याच्या कडेने खाली उतरून तेलात मिसळते. लांबच्या प्रवासात तेल चांगले तापते व हे पाणी उडून जाते. दोन किलोमीटरांवरील शाळेपर्यंत जाऊन परतणाऱ्या गाडीचे तेल पुरते तापतच नाही. पाणी आणि न जळलेले पेट्रोल त्यात साचत राहते.

गर्दीच्या शहरात अंतरमापकही दिशाभूल करतो. सरासरी ताशी ६० किलोमीटर वेगाने १०,००० किलोमीटर जाण्यास सुमारे १६७ तास लागतात. ताशी १५ किलोमीटर वेगाने तेच अंतर सुमारे ६६७ तासांचे होते. आकडा एकच, परंतु इंजिन चौपट वेळ चाललेले असते.

ब्रेकचे तेल

सर्वांत गंभीर प्रश्न ब्रेकचा आहे. पायाचा दाब चाकांपर्यंत पोचविणारे ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते, मग गाडी उभी असो वा धावत असो. डॉट ४ प्रतीच्या नव्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सियस असतो. प्रमाणित चाचणीत ओलावा शोषलेल्या तेलासाठी ही किमान मर्यादा १५५ अंशच ठेवलेली आहे. आता १,००० किलोग्रॅम वजनाची गाडी ५०० मीटर उंचीचा घाट उतरते असे समजा. तिचा वेग वाढू न देण्याचे सारे काम ब्रेकवरच पडले, तर निर्माण होणारी उष्णता सुमारे १५ लिटर पाणी २० अंशांवरून उकळीस आणण्याइतकी असते. या उष्णतेने जुने तेल उकळले, तर त्यात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, पण वाफ दाबली जाते. परिणामी पाय तळाला टेकतो आणि गाडी थांबत नाही. गाडीतील सर्वांचे प्राण अशा वेळी त्या थोड्याशा तेलावर अवलंबून असतात.

निगेचे वेळापत्रक

भारतातील अनेक पेट्रोल हॅचबॅक गाड्यांसाठी पुढील मर्यादा सर्वसाधारणपणे लागू पडतात. तथापि गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेतील सूचनाच अंतिम मानावी.

१. इंजिनाचे तेल व ऑइल फिल्टर : १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी येईल तेव्हा.
२. एअर फिल्टर व ब्रेकची तपासणी : प्रत्येक सर्व्हिसिंगच्या वेळी.
३. ब्रेक ऑइल : साधारणतः दोन वर्षांनी बदलावे.
४. टायरमधील हवा : महिन्यातून एकदा, टायर थंड असताना तपासावी. टायरच्या खाचांमध्ये तळाशी १.६ मिलिमीटर उंचीचे लहान उंचवटे असतात. झीज त्यांच्यापर्यंत पोचली की टायर बदलावा.

धूळ, सततची गर्दी किंवा अगदी जवळच्या फेऱ्या हेच गाडीचे नित्याचे काम असेल, तर ही मुदत कमी करावी. तेलाची पातळी मात्र मालकाने स्वतःच पाहावी. त्यासाठी गाडी सपाट जागी उभी करून इंजिन बंद करावे व काही मिनिटांनी डिपस्टिक पुसून, पुन्हा घालून पातळी वाचावी. प्रत्येक कामाची तारीख व अंतरमापकावरील आकडा एका वहीत लिहून ठेवावा. अंतर आणि काळ या दोन्ही मर्यादांवर लक्ष ठेवण्याचा हाच सोपा उपाय होय.

स्वाध्याय

१. एक गाडी वर्षभरात ३,००० किलोमीटर, तर दुसरी २०,००० किलोमीटर चालली. वरील वेळापत्रकानुसार प्रत्येकीचे तेल वर्षातून किती वेळा बदलावे लागेल? पहिलीच्या बाबतीत कोणती मर्यादा आधी येते?
२. घाट उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवल्यास ब्रेक कमी का तापतात?